पाहुण्यांचा कूलर

आमच्या घरात वीज वाचवायचे यजमान आणि घाम गाळायचो आम्ही. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला त्याला छंद असतो. कोणी पत्ते खेळतं, कोणी पोस्टाची तिकिटं जमवतं. यजमानांना मीटर बघायचा छंद होता. मीटर व्हरांड्यात, दाराच्या वर लावलेला होता. सकाळी तोंडात ब्रश धरून ते स्टुलावर चढायचे आणि काचेआडची चकती केवढ्या वेगाने फिरते ते बघायचे. चकतीवर एक लाल खूण असते. ती समोर आली की ते "हं" करायचे. नव्या दूधवाल्याला बरेच दिवस वाटत होतं, साहेब देवाला हात जोडायला चढतात.

स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या भिंतीत त्यांनी गवंडी बोलावून वीतभराचा चौकोन पाडून घेतला होता आणि त्यात एक दिवा लावला होता. एका दिव्यात दोन खोल्या, असं ते आल्यागेल्याला दाखवायचे. प्रत्यक्षात दोन्ही खोल्यांना अर्धा अर्धा अंधार मिळाला. मी भाकरी थापायला वाकले की मधल्या खोलीत जेवणाऱ्याच्या ताटावर माझ्या डोक्याची सावली पडायची. रेडिओ बातम्यांपुरता. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळे कपडे जमवून, आणि बटण बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेवर रुमाल. अंघोळीचं पाणी अंगणातल्या बंबावर, आणि मे महिन्यात तेही नाही, कारण नागपूरचा नळ मे महिन्यात थेट चहाला चालेल असं पाणी देतो.

यातल्या निम्म्या गोष्टी शहाणपणाच्या होत्या. रुमालांची इस्त्री मी अजून तशीच करते. माझा राग बचतीवर नव्हता. बचत कोणी करायची आणि गारव्यात कोणी बसायचं, हे ठरवणारा एकच माणूस होता, आणि तो दिवसभर घरात नसायचा, यावर होता. यजमान सरकारी कचेरीत होते. उन्हाळा लागला की तिथे दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत, त्यांच्यावर पाणी मारायला एक माणूस असे, आणि डोक्यावरचा पंखा शेवटच्या आकड्यावर. तो आकडा त्यांनी कधी एकाने कमी केल्याचं मी ऐकलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते सरकारचं आहे." जणू सरकारची वीज आभाळातून पडते.

आता सासूबाईंचं. त्या भिवापूरकडच्या. तिकडच्या मिरचीची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे स्वभावाबद्दल वेगळं सांगत नाही. आदल्या वर्षी मे महिन्यात त्या कुहीला कोणाच्या तरी तेरवीला गेल्या आणि भर दुपारच्या एसटीने, उन्हाच्या झळा खात परत आल्या. लू लागली. दोन दिवस शुद्धीत असून नसल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला वाचल्या. या वयात पुन्हा लू लागली तर माझ्याकडे औषध नाही. दुपारी गार जागेत ठेवा." हे त्यांनी यजमानांकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही. बिल कोण भरतं हे डॉक्टरांना बरोबर कळतं.

म्हणून कूलर आला. आईसाठी आणला असं सगळ्यांना सांगितलं गेलं. सीताबर्डीवरून पत्र्याचा मोठा डबा सायकलरिक्षावर बसून आला आणि यजमान शेजारून चालत आले. बैठकीच्या खिडकीत तो बसवला, पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या भिजल्या, बटण दाबलं, आणि खोलीभर वाळ्याचा वास पसरला. सासूबाई पदर सावरून पुढे बसल्या. यजमान बाहेर गेले आणि स्टुलावर चढले.

खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, लू आता यांना लागली. चकती गरगर फिरत होती.

त्याच संध्याकाळी कायदा झाला. कूलर पाहुण्यांसाठी. घरच्या माणसांनी शरीराला वाईट सवयी लावून घेऊ नयेत. आईला पन्हं द्यावं, कांदा जवळ ठेवावा, ओला पंचा डोक्यावर घ्यावा. आपले पूर्वज काय कूलरमध्ये जगले? पूर्वज किती वर्षं जगले हे मी विचारलं नाही, कारण कायद्याला पहिला पाठिंबा सासूबाईंनीच दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी कूलर लावला तर त्या आतून आल्या आणि स्वतः बटण बंद केलं.

"काहून लावला वं? कोण आलं?"

"कोणी नाही. तुम्ही बसा."

"मी काय पाहुणी आहो का? माझा पोरगा तिकडे मरमर करून राहिला, अन् मी इथं वारा खात बसू?"

पोरगा तिकडे ओल्या ताटीच्या समोर बसला होता, पण आईला ते सांगून पटत नसतं.

कायद्यातली मेख अशी होती की यजमान स्वतः रविवारी पाहुण्यांमध्ये मोजले जात. रविवारी त्यांचे कचेरीतले दोन मित्र पत्ते खेळायला यायचे, मग कूलर लागायचा, आणि यजमान पाहुण्यांच्या सोबतीला बसायचे. तेव्हा ते आणखी एक शहाणपणा करायचे. बैठकीच्या सगळ्या खिडक्या आणि दार घट्ट लावून घ्यायचे, आणि दाराखालच्या फटीत पोतं कोंबायचे. गार हवा वाया जाऊ नये म्हणून. वाचणाऱ्यांपैकी कोणी अजून असं करत असेल तर सांगते: कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर गेली तरच नवी येते. कोंडून ठेवली तर खोलीत फक्त दमट वाफ साठते. रविवारी दुपारी ते तिघे पत्ते खेळून बाहेर यायचे तेव्हा इडल्यांसारखे दिसायचे. पत्तेसुद्धा मऊ पडायचे. "काय गार आहे तुमच्याकडे," असं मित्र म्हणायचे आणि शर्ट पिळायचे.

मी भांडले नाही. कायदा पाहुण्यांचा असेल तर पाहुणे आणावेत, इतकं साधं होतं ते. समोर एका किराणा दुकानदाराची बायको राहायची, हिंदी बोलणारी, आम्ही सगळे तिला भाभी म्हणायचो. तिच्याही घरी कूलर होता आणि तोही झाकलेला. "हमारे यहाँ भी वही है, बहन," ती म्हणाली. "मेहमान आए तो ही." मग ती रोज दुपारी निवडायचे तांदूळ घेऊन आमच्याकडे पाहुणी म्हणून येऊ लागली. पाहुणी आली म्हणजे कूलर लावणं आलं. आणि पाहुणीला एकटं सोडून घरातली वडीलधारी बाई आत जाऊन बसली तर गल्लीत काय म्हणतील? सासूबाईंना बैठकीत बसावंच लागलं. मी समोरची खिडकी सताड उघडली. वारा असा खेळू लागला की सासूबाई चक्क बसल्या बसल्या घोरल्या.

हे आठवडाभर टिकलं असेल. मग यजमानांनी स्टुलावरूनच चौकशी सुरू केली.

"आज कोण आलं होतं?"

"समोरच्या भाभी."

"काल?"

"भाभी."

"परवा?"

"भाभी."

"ती पाहुणी आहे की भाडेकरू?"

आणि दुसऱ्या दिवशी कचेरीला निघताना त्यांनी बोर्डावरून कूलरच्या प्लगचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला, रुमालात गुंडाळला आणि पँटच्या खिशात घातला. दुसऱ्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा होताच. कांदा त्यांच्या रक्षणासाठी आणि फ्यूज आमच्यापासून विजेच्या रक्षणासाठी, असे दोन्ही खिसे फुगवून ते सायकलवर बसले. रविवारी मित्र आले की फ्यूज जागेवर यायचा, मित्र गेले की परत खिशात.

मी बाजारातून दुसरा फ्यूज आणू शकले असते. मी तो बसवूही शकले असते. फ्यूजची तार बदलायला मी लग्नाआधीच शिकले होते. पण सासूबाईंनी हात धरला. "त्यानं काढलं ते तू लावशील? मंग मी बसणारच नाही त्याच्या पुढं." म्हणजे ज्या माणसासाठी भांडायचं तोच माणूस शत्रूच्या गोटात. अशा वेळी सरळ लढाई करणारी बाई मूर्ख.

नवतपा लागला. मृग लागायच्या आधीचे ते भाजून काढणारे दिवस, त्यात नागपुरात दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई मागच्या दारात चौकट धरून उभ्या दिसल्या. "डोळ्यासमोर काळं येऊन राहिलं वं," म्हणाल्या. मी हात धरला. हात तव्यासारखा तापलेला आणि कोरडा. घामाचा टिपूस नाही. आदल्या वर्षी सुरुवात अशीच झाली होती. उन्हाळ्यात घाम येतो तोवर तक्रार करायची असते. घाम थांबला की तक्रार करायची वेळ गेलेली असते.

ओला पंचा त्यांच्या डोक्यावर टाकला आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"कुठं नेऊन राहिली?"

"शेजारी."

"कोणत्या शेजारी?"

"जिथे कूलर चालू आहे त्या."

त्या थांबल्या. आमच्या भिंतीला भिंत लावून एक मास्तरीणबाई राहायच्या. दीक्षा घेतलेलं घर, बैठकीत बुद्धाची मूर्ती. नवरा रेल्वेत, बहुतेक गाडीवर. आमच्या घरातली माणसं त्या घरी पाणी पीत नसत. का, ते कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि कोणाला विचारावंही लागलं नव्हतं. मी तिच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून चहा पीत होते. सासूबाईंना ते ठाऊक नाही असं मी समजत होते, आणि त्या मला तसं समजू देत होत्या.

मास्तरीणबाईचा कूलर उन्हाळाभर चालायचा, कारण तो तिने तिच्या पगारातून घेतला होता. गल्लीतल्या सगळ्या कूलरांमध्ये पाहुण्यांची वाट न बघणारा तो एकच. सुट्ट्या लागल्या की ती दुपारी त्याच्यासमोर खाटेवर पडून मासिक वाचायची. बटण दाबायला तिला कोणाची परवानगी लागत नसे. मला तिच्या कूलरपेक्षा त्या बटणाचा हेवा वाटायचा.

"त्याईच्या घरी मी नाही येत," सासूबाई म्हणाल्या. पण पाय लटपटत होते, त्यामुळे मत कोणाचं हा प्रश्न उरला नव्हता. मी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं.

मास्तरीणबाईने एका नजरेत सगळं ओळखलं. खाट कूलरसमोर ओढली, पाय ओल्या फडक्यात गुंडाळले, समोरची खिडकी अजून उघडी केली. मग माठातलं पाणी घेऊन आली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि ओठही.

मास्तरीणबाई ग्लास धरून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. "जा, वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या घरचं घेऊन या. आत्ता पाणी पोटात जाणं महत्त्वाचं आहे, माझा अपमान नंतर करता येईल."

मी धावत जाऊन लोटा आणला. मीठ-साखर घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने कपाळावर घाम फुटला. घाम बघून मला इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काही बोलायच्या आधी सासूबाई पायात चपला घालून तयार. हातात झाकण लावलेला पितळी लोटा. "पाहुणी म्हणून जाऊन राहिलो," त्यांनी मला बजावलं. "वाऱ्यापुरतं. पाणी आपलं."

असं दोन-तीन दिवस चाललं. सासूबाई खाटेवर, लोटा खाटेखाली. मास्तरीणबाई समोर मासिक घेऊन. भाभीही तिचे तांदूळ घेऊन तिकडे सरकली. तिला पाहुणी व्हायची सवय लागली होती. मग एका दुपारी, पान उलटता उलटता, मास्तरीणबाईने अगदी वर्गात प्रश्न विचारावा तशा आवाजात विचारलं, "मावशी, एक सांगा. पाणी तुम्ही घरून आणता. पण हा जो वारा आहे, तो माझ्या नळाच्या पाण्यातून येऊन राहिला. टाकीत भरलेलं पाणी ताट्यांवर पडते, त्यातून तो तुमच्या तोंडावर येते. त्याचं कसं करायचं?"

मी भाभीच्या तांदळात खडे शोधू लागले.

सासूबाईंनी कूलरकडे बघितलं. ताट्यांवरून टपटप पडणारं पाणी बघितलं. नाकावरून हात फिरवला, जणू तिथे काही चिकटलंय का बघत होत्या. मग म्हणाल्या, "वाऱ्याले कोण पुसते वं. तू मासिक वाच."

पण डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा मला म्हणाल्या, "दोन बादल्या भरून ठेव. त्या मास्तरणीच्या कूलरात घाल. आधीचं पाणी सोडून दे अन् आपलं भर. मंग वारा आपला."

मी आयुष्यात बऱ्याच युक्त्या ऐकल्या आहेत, पण वारा बाटू नये म्हणून टाकी बदलायची ही युक्ती फक्त आमच्याच घरात निघू शकत होती. एका बाजूला मुलगा फ्यूज खिशात घालून वारा अडवतो, दुसऱ्या बाजूला आई त्याच वाऱ्याचं शुद्धीकरण करते. दोघांचाही स्वतःच्या अकलेवर पूर्ण विश्वास.

बादल्या घेऊन मी शेजारी गेले आणि कारण सांगितलं. खोटं बोलायची तिच्यापुढे सोय नव्हती. वाटलं होतं, हाकलून देईल. हाकलायला हवं होतं. ती खाटेवर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर हसत नव्हती.

"घाला," ती म्हणाली. "रोज घाला. चार बादल्या लागतात, दोनने भागत नाही. मला पाणी भरायचा कंटाळाच येतो. लोक आमच्याकडून आजवर फुकट कामं करून घेत आले, कोणी येऊन आमची टाकी भरतो म्हणालं तर मी कशाला नाही म्हणू?"

तेव्हापासून रोज सकाळी मी चार बादल्या वाहून तिची टाकी भरत होते. वारा सासूबाईंचा झाला, मेहनत माझी, आणि विजेचं बिल मास्तरणीचं. मी तिला बिलात वाटा घ्यायला सांगितलं, तर म्हणाली, "कूलर माझ्यासाठी लागतोच. समोर एक बसा की चौघी बसा, मीटर तेवढंच फिरते." हे वाक्य मी यजमानांच्या स्टुलावर कोरून ठेवायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या स्टूल-चढाईत त्यांना जे सुचलं नाही ते हे: दोन घरांतले दोन कूलर बंद ठेवून तिघींना भाजायची गरज नव्हती, एक चालू ठेवून सगळ्यांनी समोर बसायचं होतं. पण त्यासाठी कोणाच्या तरी घरी जाऊन बसावं लागतं, आणि तिथेच आमच्या लोकांचे पाय अडतात.

लोट्याचं काय झालं ते सांगते. दुपारी खाटेखाली ठेवलेला पितळी लोटा तासाभरात तापायचा. शेजारी कोनाड्यात मास्तरणीचा माठ, ओलं फडकं गुंडाळलेला, बाहेरून घाम आलेला. सासूबाई गरम पाण्याचा घोट घेऊन तोंड वाकडं करायच्या आणि माठाकडे न बघायचा प्रयत्न करायच्या. एके दिवशी सकाळी आमच्याकडे नळच आला नाही. टाकी मास्तरणीने स्वतःच्या हौदातून भरली. म्हणजे वारा पुन्हा तिचा. सासूबाई दारात थबकल्या, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि आत येऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मास्तरणी, तहान लागली वं."

मास्तरीणबाई उठली नाही. "लोटा आहे ना खाली?"

"तो तापला."

"मग?"

भाभीने तांदळाची परात खाली ठेवली. कूलर घरघरत होता. सासूबाईंना आयुष्यात मागायची सवय नव्हती. त्या हुकूम सोडायच्या. मला वाटलं, उठून निघून जातील.

"माठातलं दे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "दे ना, माय."

मास्तरीणबाईने पाणी दिलं. त्यांनी एका दमात संपवलं आणि ग्लास परत करताना इकडेतिकडे बघू लागल्या, तो कुठे ठेवावा म्हणून. मास्तरीणबाई म्हणाली, "द्या इकडे. आमच्यात उष्ट्याचं कोणी मानत नाही. तुमचा ग्लास मात्र मी घासून वेगळा ठेवीन, काळजी नका करू."

सासूबाईंना हे लागलं. लागायलाच हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या लोटा न घेता आल्या.

इकडे महिन्याचं बिल आलं, आणि यजमान फुलले. कधी नव्हे इतकं कमी. ते बिल त्यांनी कचेरीत नेलं, पत्त्यांच्या मित्रांना दाखवलं, गल्लीत दोघांना थांबवून सांगितलं. फ्यूजची युक्ती ते अशा गांभीर्याने समजावून सांगायचे की एका मित्राने खरोखरच आपल्या घरचा फ्यूज खिशात घालायला सुरुवात केली, आणि त्याची बायको माहेरी निघून गेली. "नियोजन लागतं," यजमान म्हणायचे. आई दुपारी कुठे असते हे त्यांनी विचारलं नव्हतं. आई जिवंत होती, बिल कमी होतं. चौकशी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग जूनच्या मध्यावर कसली तरी सुट्टी आली. पाऊस लांबलेला, उकाडा शिगेला. त्या दिवशी पत्त्यांचे मित्र आले नाहीत. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी चपला घातल्या, मी दार लोटलं, आणि आम्ही दोघी निघालो.

"कुठे?" यजमानांनी विचारलं.

"पाहुणे म्हणून जाऊन राहिलो," सासूबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढचं मला नंतर बैठकीच्या अवस्थेवरून कळलं. एकटे राहिल्यावर यजमानांनी खिशातला फ्यूज लावला होता. स्वतःच स्वतःचे पाहुणे झाले. सवयीने दार-खिडक्या बंद केल्या, पोतं कोंबलं. पण रविवारी पाणी मी भरायचे. आज ते भरायचं असतं हे त्यांच्या गावी नव्हतं. कोरड्या ताट्यांतून कूलरने आठवडाभराची धूळ आणि बाहेरचं ऊन सरळ त्यांच्या अंगावर फेकलं. त्यांनी ते बराच वेळ सहन केलं असावं, कारण वीज जळत होती आणि ती वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शेवटी ते शेजारच्या दारात उभे राहिले. बनियन घामाने चिकटलेलं, भुवयांवर वाळ्याचा भुसा.

"आई इथे आहे का?"

"ये गा," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "बस. मास्तरणी, खुर्ची दे वं याले."

ते बसले. वारा लागला तसा चेहरा सैल झाला. मग नजर फिरली आणि समोरच्या उघड्या खिडकीवर पडली. ते उठले. "बाई, तुमची खिडकी उघडी राहिली. गार हवा सगळी बाहेर चालली," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"हात नको लावू," सासूबाई कडाडल्या. "हे घर तुझं नाही. अन् कूलरही तुझा नाही. बस चुपचाप."

यजमान बसले. मास्तरीणबाई उठली आणि माठातून ग्लास भरून आणला. त्यांच्यासमोर धरला. यजमान कचेरीत जातपात मानत नाहीत, असं ते स्वतः नेहमी सांगत. ग्लासाकडे बघून ते म्हणाले, "नको, नको. आत्ताच पिऊन आलो घरून."

"कुठून पिऊन आला?" सासूबाईंनी विचारलं. "घरचा माठ मी सकाळीच घासून उन्हात उलटा ठेवला."

भाभी तांदूळ निवडत होती. ते तांदूळ तीन आठवड्यांपूर्वीच निवडून झाले होते.

"मागच्या साली लू लागली तवा मी मेलीच होती," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "औंदा पुन्हा लागली. तू फ्यूज घेऊन कचेरीत गेला होता. या बाईनं खाट सोडली माझ्यासाठी. तुले बिल दिसते ना कमी आलेलं? ते इथून आलं. पाणी घे."

त्यांनी ग्लास घेतला. पाणी प्यायले. घोट मोठा आवाज करत गेला. मास्तरीणबाईने रिकामा ग्लास घेतला आणि सासूबाईंच्या ग्लासाशेजारी ठेवला. यावेळी टोमणा मारायची तिला गरज नव्हती, आणि शिक्षकांना थांबायचं कुठे ते कळतं.

दुसऱ्या दिवशी फ्यूज बोर्डावरच राहिला. खिशात फक्त कांदा गेला. आता कूलर आईसाठी लावायचा, असं यजमानांनी मला सांगितलं, जणू कल्पना त्यांची होती. मी सासूबाईंना सांगितलं.

"एकटीसाठी?" त्या म्हणाल्या. "कशाले मीटर फिरवायचा? तिकडे चौघी बसतो." आणि चपला घालून निघाल्या. कंजूषपणा त्या घराण्यात कुठून आला होता, याबद्दल मला मग शंका राहिली नाही.

त्या उन्हाळ्यातून सासूबाई वाचल्या. पुढच्या वर्षी होळी झाली, हवा तापू लागली, यजमान पुन्हा स्टुलावर चढू लागले आणि कचेरीत पुन्हा बचतीची भाषणं देऊ लागले. त्यात दिव्याचा चौकोन असायचा, रुमालांची इस्त्री असायची. शेजारीण नसायची.

एका सकाळी नळ आला तसा सासूबाईंनी मला हाक मारली. "मास्तरणीनं ताट्या बदलल्या का वं? जाऊन पाह्य. नसल्या बदलल्या तं आपल्या कूलरच्या काढून तिच्याले लाव. आपला कूलर काय, नुसता पाहुण्यांसाठी हाय."

मी ताट्या काढून दिल्या.